ब्रेकची किरकिर आणि ‘उद्या बघू’

लाखनी तालुक्यातल्या एखाद्या गावातले गुरुजी डोळ्यांसमोर आणा. दारात दहा वर्षांची जुनी कार. नवतपाच्या दिवसांत ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून किर्र असा आवाज येऊ लागला. गुरुजी हाताने काम करणारे; पंखा, पाण्याची मोटर, सायकल सगळे घरीच दुरुस्त करतात. त्यांनी नवे ब्रेक पॅड आणले, पान्यांचा संच घेतला, मोबाइलवर चार व्हिडिओही पाहिले. ‘येत्या रविवारी लावतो,’ असे घरात जाहीर झाले. मग रोवणी आली, पोळा आला, दिवाळी गेली, धानाची कापणी झाली. पॅड अजून डिकीतच आहेत. आणि त्याच गाडीतून दर महिन्याला म्हाताऱ्या आईला तपासणीसाठी राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून, ट्रकांच्या रांगेतून, भंडाऱ्याला नेले जाते.

असे गुरुजी घरोघरी असतात. कुणाचे टायर गुळगुळीत झालेले, कुणाच्या दुचाकीचा मागचा ब्रेक लागत नाही, कुणाचा हेडलाइट महिनाभर बंद. प्रत्येकाला ते माहीत असते. तरीही काम का होत नाही?

आळस नव्हे, टाळाटाळ

आपण याला आळस म्हणतो. पण हेच गुरुजी पहाटे उठून शेतात जातात. टिमथी पिचिल आणि फुशिया सिरोआ या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. चालढकल ही वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याची अडचण आहे, असे ते म्हणतात. चाक उघडायचे म्हटले की मनात भीती येते: बोल्ट निघाला नाही तर? चुकीचे बसले तर? ‘उद्या बघू’ म्हटले की ती बेचैनी लगेच कमी होते. मेंदूला हा आराम आवडतो आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा तीच वाट धरतो. काम जितके अवघड, अनोळखी आणि चूक झाली तर महागात पडणारे, तितकी ही ओढ जास्त.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचा अनुभव तर भारतातलाच आहे. ते इथे वर्षभर राहत असताना त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ कपड्यांचे एक खोके त्यांच्याकडे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवायचे, एवढेच काम. अकरलॉफ आठ महिन्यांहून अधिक काळ रोज सकाळी ‘उद्या पाठवू’ असे ठरवत राहिले. १९९१ मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. आज काम करण्याचा त्रास ठळक दिसतो, एका दिवसाच्या उशिराचे नुकसान मात्र किरकोळ वाटते. म्हणून ‘उद्या’ रोजच शहाणपणाचा वाटतो. पुढे २००१ मध्ये या दोन्ही मित्रांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे हुशारीचा आणि चालढकलीचा फारसा संबंध नाही.

खोके थांबते, ब्रेक थांबत नाही

कपड्यांचे खोके आठ महिने पडून राहिले तरी बिघडत नाही. ब्रेकचे तसे नसते. अनेक गाड्यांच्या पॅडला धातूची एक पातळ पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून आवाज करते. ती किरकिर म्हणजे इशारा. तो ऐकला नाही तर पॅड संपतो, धातूवर धातू घासतो, डिस्क खराब होते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर बैल आडवा आला, तो दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी २५ मीटर संपलेले असतात. ब्रेकचे काम त्यानंतर सुरू होते. तिथे एकेक मीटर मोलाचा असतो. टायरचेही तेच. कारच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदलायला हवा. त्यासाठी खाचांमध्ये खुणेचे उंचवटे दिलेले असतात.

भीती खरी असेल तर

गुरुजींची भीती अगदीच खोटी नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. भक्कम स्टँड नसेल तर खाली जाऊच नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की उकळते पाणी तोंडावर उडते. बॅटरीतले आम्ल डोळ्यात गेले तर लगेच १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि रुग्णालय गाठावे. भाजल्यास २० मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट किंवा हळद नको. बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘कधी करू?’ हा नसून ‘हे मी करावे का?’ हा आहे. ब्रेक आणि स्टिअरिंगचे काम आधी कधी केले नसेल तर ते मेकॅनिककडे देण्यात कमीपणा नाही. तो निर्णय म्हणजे चालढकल नव्हे. चालढकल म्हणजे स्वतःही न करणे आणि दुसऱ्यालाही न देणे.

करायचे काय?

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा उपाय साधा आहे. ‘लवकरच करीन’ असे मोघम न ठरवता कधी, कुठे आणि काय करणार ते ठरवावे. ‘शनिवारी शाळा सुटली की गाडी थेट गॅरेजला’, हे वाक्य ‘या महिन्यात बघू’पेक्षा कामाला जास्त येते. घरीच करायचे असेल तर काम लहान करावे: आज फक्त चाक काढून पॅड किती उरला ते पाहायचे. शेवटची तारीख ठरवावी. ती उलटली की काम मेकॅनिककडे. ब्रेकचा पायदंडा मऊ लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ब्रेकचा दिवा पेटला असेल तर तारखेची वाट पाहू नये, गाडी उभी करावी.

हीच सवय शरीराच्या बाबतीतही दिसते. सिरोआ यांच्या २०१५ मधील अभ्यासात चालढकलीचा स्वभाव आणि उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा संबंध आढळला. त्यावरून एकामुळेच दुसरे होते असे सिद्ध होत नाही, पण धोका ओळखीचा आहे. साखर तपासायची राहते, कारण जास्त निघेल ही भीती. स्तनातली न दुखणारी गाठ दाखवायची राहते, कारण डॉक्टर काय सांगतील याची भीती. जिना चढताना छातीत भरून येते, पण ‘गॅस असेल’ म्हणून पेरणी उरकली जाते. गाडी निदान आवाज करते. वाढलेला रक्तदाब बहुधा तोही करत नाही.

गुरुजी आईला दर महिन्याला न चुकता तपासणीला नेतात, ही चांगलीच गोष्ट. पुढच्या खेपेला निघण्याआधी डिकीतले ते खोके मेकॅनिकच्या हातात पडले, तर आईची काळजी पूर्ण घेतली असे म्हणता येईल.