कोंबड्यांच्या रक्षणासाठी विजेचे कुंपण

कोल्हा किंवा खोकड खुराड्यात शिरल्यास एका रात्रीत अनेक कोंबड्यांचा नाश होतो. यावर विजेचे कुंपण हा चांगला उपाय होय. झटका यंत्रातून सुमारे दर सेकंदास एक ठोका तारेत सोडला जातो. त्याचा दाब काही हजार व्होल्ट असला, तरी तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. त्यामुळे जनावर दगावत नाही, भिऊन दूर पळते.

कोल्हा जमीन हुंगत येतो. म्हणून जाळीच्या बाहेर, जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर एक तार इन्सुलेटरवर ओढावी. ओल्या नाकास झटका चांगला बसतो, केसाळ अंगास बसत नाही. दुसरी तार जाळीच्या माथ्यावर असावी. जाळीचा खालचा भाग बाहेर वळवून मातीत पुरावा, म्हणजे उकरून आत येता येणार नाही. तारेस गवत लागल्यास झटका क्षीण होतो, तेव्हा ते वरचेवर कापावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईजवळ पाणी घालीत जावे.

घरातील २३० व्होल्टची वीज मात्र तारेत कदापि सोडू नये. तिने माणसांचे प्राण जातात, आणि तसे करणे हा गुन्हाही आहे. कुंपणावर धोक्याची सूचना देणारा फलक अवश्य लावावा.