सातपुड्याच्या रानवाटा – १७ : पायाला बांधलेली चिठ्ठी

लंगडा आंब्याचा चढ या आठवड्यात राहिला. मागच्या वेळी जामन्याच्या पुढे गाडी उभी करून ‘पुढच्या लेखात वर चढू’ असं मी म्हणालो होतो. चढ आहे तिथेच आहे. पण मध्ये एक पत्र आलं, पत्रासोबत मोबाइलवर काढलेला एक फोटो आला, आणि त्या फोटोनं माझे चार दिवस खाल्ले.

पत्र यावल तालुक्यातल्या एका केळीउत्पादक वाचकाचं आहे. घरची सगळी मंडळी घेऊन ते मनुदेवीला गेले होते. परतताना रस्त्याकडेच्या निष्पर्ण सालईवर त्यांना एक घुबड दिसलं. ‘भर दुपारी उघडं बसेल व्हतं. आम्ही खाली उभे राहून बोलत होतो तरी हाललं नाही. तुम्ही नवव्या लेखात रानपिंगळ्याचं नुसतं नाव घेतलं आणि पुढे निघून गेलात. हाच का तो?’

नुसतं नाव घेऊन पुढे गेलो, हा आरोप कबूल. पळ काढण्याचं कारणही होतं. हा पक्षी एका ओळीत उरकणारा नाही. आज त्याचंच सांगतो.

गोष्ट सुरू होते ती सातपुड्यापासून बरीच लांब. १८७२ साली एफ. आर. ब्लूइट नावाच्या साहेबानं आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात एक लहान घुबड मारलं. ते पोचलं अ‍ॅलन ह्यूमकडे. हा तोच ह्यूम, ज्याचं नाव आपण शाळेत काँग्रेसच्या स्थापनेसोबत पाठ केलं. पण १८८५ च्या आधीची त्याची खरी ओढ पक्ष्यांची होती. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्ष्यांचं नियतकालिक तो स्वतः चालवायचा. १८७३ मध्ये त्यानं हे घुबड वेगळी जात म्हणून नोंदवलं आणि नावात ब्लूइटला अमर केलं. १८७७ साली भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉलला ओडिशातल्या खरियारजवळ आणखी एक मिळालं.

मग पाळी आपली. जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्याचा मुलकी अधिकारी खानदेशात होता. तेव्हा खानदेश हा एकच अवाढव्य जिल्हा. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी झाली ती १९०६ मध्ये. जमाबंदीच्या दौऱ्यावर घोडा, तंबू आणि बंदूक घेऊन फिरणाऱ्या या माणसानं पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादीच ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात त्यानं १८८० ते १८८४ च्या दरम्यान हे घुबड अनेकदा टिपलं. सगळे मिळून जगभरात सात नमुने. त्यानंतर काहीच नाही.

नाही म्हणजे, एक होता. १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे आपल्या नदीच्या खालच्या अंगाला, गुजरातेत, रिचर्ड माइनर्टझहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला तो मिळाला अशी चिठ्ठी एका नमुन्याच्या पायाला बांधलेली होती.

या चिठ्ठीपाशी थोडं थांबू, कारण आजच्या लेखाचा सगळा जीव तिच्यात आहे. त्या काळी पक्षी मारला की त्याचं कातडं काढायचं, आत कापूस भरायचा, पाय जुळवून दोरा बांधायचा आणि दोऱ्याला बोटभर कागद लावायचा. त्यावर गाव, तारीख, नर की मादी, आणि कोणी टिपला. कातडं पाहून पक्षी दिसायचा कसा ते कळतं. तो राहायचा कुठे हे फक्त त्या कागदालाच ठाऊक. कागद हरवला तर हाती उरते ती नुसती पिसं. आणि कागद खोटा असेल, तर?

माइनर्टझहागनची चिठ्ठी सगळ्यात अलीकडची होती. साहजिकच पुढच्या पिढीनं तिच्यावर भरवसा ठेवला. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही. मध्ये एकदा ‘सापडला’ म्हणून फोटोही आला. तो निघाला आपल्या घराशेजारच्या वडावर भांडणारा साधा पिंगळा. हळूहळू पुस्तकांतून रानपिंगळ्याबद्दल ‘बहुधा नामशेष’ असा सूर लागू लागला.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकी पक्षितज्ज्ञ दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या पुस्तकासाठी जुने नमुने तपासत होती. माइनर्टझहागनचे बरेच नमुने संशयास्पद असल्याचं तोवर बाहेर येऊ लागलं होतं: दुसऱ्याचे पक्षी संग्रहालयातून उचलायचे आणि त्यांना आपल्या नावाची चिठ्ठी लावायची. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचं घुबड एक्स-रेखाली घातलं. एकदा भरलेलं काढून पुन्हा भरल्याच्या खुणा आत होत्या, आणि पहिला हात होता डेव्हिडसनचा. स्वयंपाकाला जशी ज्याची त्याची चव असते, तशी कातडं भरण्यातही ज्याची त्याची हातोटी असते. घुबड चोरीचं होतं. ते मांडवीचं नव्हतंच, खानदेशातलंच होतं.

म्हणजे काय झालं पाहा. गुजरातचा धागा गळून पडला आणि नकाशावर उरली ती फक्त खरी गावं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट त्या खऱ्या गावांना निघाले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली, तिथे पदरी निराशा. मग आले शहाद्याला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, डोंगराच्या पायथ्याच्या विरळ जंगलात, एका उघड्या झाडावर तो बसला होता. एकशे तेरा वर्षांनी. डेव्हिडसनच्या दौऱ्याच्या मुलखातच.

ही बातमी आपल्याकडे ‘नंदुरबारला घुबड सापडलं’ अशी सांगतात. बारीकसारीक चुकांची चर्चा चाललीच आहे तर सांगून टाकतो: त्या दिवशी शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला.

आता यावलचं. शहाद्याच्या शोधानंतर फराह इश्तियाक आणि पुढे इतर अभ्यासकांनी सातपुडा पिंजून काढला. पश्चिमेला तोरणमाळ आणि तळोदा, पूर्वेला मेळघाट. मेळघाट तर त्याचं मोठं घरच निघालं. या दोहोंच्या मधोमध, १९६९ साली जाहीर झालेलं आपलं पावणेदोनशे चौरस किलोमीटरचं यावल अभयारण्य. तिथेही त्याची नोंद झाली. म्हणून त्या वाचकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मनुदेवीच्या डोंगरात तो असूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही.

मग फोटोतला कोण?

‘दिवसा दिसला म्हणजे रानपिंगळा’ हे आधी मनातून काढा. रानपिंगळा दिवसा शिकार करतो हे खरं. सकाळच्या उन्हात उंच फांदीवर उघडा बसतो, सरडे, साप-सुरळ्या, उंदीर, टोळ मारतो. पण साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो, आणि अंगभर बारीक आडवे पट्टे असलेला जंगली पिंगळाही या जंगलात दिवसा दिसतो. वेळ ही साक्ष आहे, पुरावा नाही.

पुरावा डोक्यावर असतो. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर तांदूळ सांडल्यासारखे पांढरे ठिपके असतात आणि मानेमागे पांढरा गळपट्टा. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, मातकट करडा. छाती गडद तपकिरी, जणू बंडीच घातली आहे. तिच्याखाली पोट स्वच्छ पांढरं. पाय जाड, बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, आणि पंजे अंगाच्या मानानं दांडगे. अजून एक खोड आहे, ती फोटोत येत नाही. धोबी पक्षी शेपटी वर-खाली आपटतो ना, तशी हा डावी-उजवीकडे झटकतो.

वाचकांच्या फोटोत छाती दिसते, पाय दिसतात, आणि नेमका माथ्यावर सालईच्या फांदीचा आडवा तुकडा आला आहे! पोटावर तपकिरी ठिपके आहेत असं मला वाटतं. त्यामुळे माझा कौल साध्या पिंगळ्याकडे झुकतो. पण फोटो वाढवला की सगळ्याचे चौकोन होतात. निकाल राखून ठेवतो.

हे वाचून कोणी म्हणेल, एवढा काटेकोरपणा कशाला? तर माझीच फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मार्चमध्ये, पालच्या एका जाणत्या सोबत्याबरोबर फिरताना, अगदी जवळून मी एक घुबड पाहिलं होतं. कोरा माथा. जाड पाय. सोबती हलकेच म्हणाला, ‘दादा, शेपटीकडे पाहा,’ आणि त्याच क्षणी ती डावीकडे, मग उजवीकडे झटकली. मी हरखलो. रात्री कंदिलाच्या उजेडात वहीत लिहिलं: ‘सातपुडा. मार्च. सालईवर रानपिंगळा. अद्भुत!’

बस, एवढंच. नाला कोणता, पाडा कोणता, तारीख कोणती, काही नाही. त्या आठवड्यात आम्ही अभयारण्याची हद्द तीनदा ओलांडली होती. एक दिवस तर मध्य प्रदेशातही होतो. आज ती नोंद कोणत्या नकाशावर ठेवू? ‘अद्भुत’ या शब्दाला अक्षांश-रेखांश नसतात. माइनर्टझहागननं लबाडीनं केलं तेच मी आनंदाच्या भरात केलं. पक्षी खरा, चिठ्ठी निकामी.

नुसतं ‘यावल’ लिहूनही भागत नाही, बरं का. यावल हे केळीच्या बागांतलं, सपाटीवरचं शहर आहे. यावल हा तालुका आहे. यावल हा वनविभाग आहे, त्यात चोपड्याचं जंगलही येतं. आणि यावल हे अभयारण्य आहे, ज्याचा सगळ्यांच्या ओळखीचा दरवाजा पालला, म्हणजे रावेर तालुक्यात! शंभर वर्षांनी कोणी तुमची नोंद हातात घेईल, तेव्हा त्यानं या चार यावलांपैकी कुठे जावं?

तेव्हा पत्रलेखक महाशय, आणि बाकीच्यांनीही, वहीत एवढं लिहा: तारीख, वेळ, जवळचा पाडा किंवा नाला, झाड कोणतं, माथा कोरा की ठिपक्यांचा, आणि खात्री नसेल तर ‘खात्री नाही’. हे शेवटचे दोन शब्द सगळ्यात मोलाचे. रानपिंगळा २०१८ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ गटात आला. पक्षी एकाएकी वाढले म्हणून नाही, तर तो आणखी ठिकाणी असल्याच्या भरवशाच्या नोंदी जमत गेल्या म्हणून.

एक मात्र करू नका. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो शिकार सोडून धावून येतो. ढोलीची जागाही चारचौघांत सांगू नका. घुबडाची अंडी आणि नखं जादूटोण्याला लागतात असं मानणारे लोक अजून आहेत, आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाव असलं तरी ढोलीला काही कुलूप नसतं.

गंमत अशी, की ज्या पक्ष्याला आपण अशुभ म्हणतो त्याचंच नाव आपण एका माणसाला दिलं. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारा, भविष्य सांगणारा पिंगळा जोशी तुमच्यापैकी जुन्यांना आठवत असेल. त्याला पिंगळ्याची भाषा कळते म्हणायचे. आमच्या आजीनं त्याला कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही, आणि आवारातल्या चिंचेवर खराखुरा पिंगळा ओरडला की मात्र तीच उठून चुलीत मीठ टाकायची.

पत्रलेखकांनी पुढच्या रविवारी पुन्हा मनुदेवीला जायचं ठरवलंय. झाड त्यांना नक्की आठवतं, कारण त्याच्याखालीच घरच्यांनी भरीत-पुरीची शिदोरी सोडली होती. मी त्यांना कळवलंय, या वेळी फांदीच्या दुसऱ्या बाजूनं उभे राहा.

लंगडा आंबा पुढच्या आठवड्यात. नक्की. त्यांचा माथ्याचा फोटो आला नाही तर.