समजून घ्या : बातमी की जाहिरात? ‘पेड न्यूज’ कशी ओळखायची?

सोनगीर (जि. धुळे) : निवडणूक लागली की मुंबई-आग्रा महामार्गावरच्या सोनगीरमध्ये चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर येते, ‘पेपरमा छापेल शे ना भाऊ!’ छापून आले म्हणजे खरे, असा हा विश्वास. आता पेपर मोबाईलवर आला, कात्रणाची जागा स्क्रीनशॉटने घेतली, पण विश्वास तोच आहे. त्याचाच भाव ठरवून मजकूर विकला जातो, तेव्हा त्याला ‘पेड न्यूज’ म्हणतात. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. भांडे घेताना गिऱ्हाईक ते वाजवून, वजन करून घेते. बातमीही तशी पारखता येते.

पक्षपात आणि पेड न्यूज एकच का?

नाही. मराठी वृत्तपत्रे भूमिका घेतच आली आहेत. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’ची भूमिका जगजाहीर होती. १९८८ पासून निघणारा ‘सामना’ शिवसेनेचे (आता ठाकरे गटाचे) मुखपत्र आहे, हे वाचक जाणतो आणि त्या हिशेबाने वाचतो. अग्रलेखात बाजू घेणे हा गुन्हा नाही. पैसे घेऊन छापलेली स्तुती ‘बातमी’ म्हणून दिली, तर मात्र फसवणूक होते. वाचकाला खरे कळत नाही, उमेदवाराचा खर्च लपतो आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो उमेदवार बातम्यांतून गायब होतो.

महाराष्ट्रातील गाजलेले प्रकरण काय?

ऑक्टोबर २००९ ची विधानसभा निवडणूक. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकरमधून उभे होते. त्या काळात राज्यातील मोठ्या मराठी दैनिकांत त्यांचे कौतुक करणारी पानेच्या पाने आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे ‘द हिंदू’मधून उघड केले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत काही मजकूर शब्दशः सारखा होता. चव्हाण यांनी मात्र वृत्तपत्र जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीवर ६,००० रुपये, असा मिळून ११,३७९ रुपये खर्च दाखवला होता. त्या वेळी विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा १० लाख रुपये होती. चव्हाण यांनी पेड न्यूजचा आरोप फेटाळला.

पुढे काय झाले?

उमेदवाराने दिलेला खर्चाचा हिशेब खरा आहे का, हे निवडणूक आयोग तपासू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरोधात आदेश काढला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये उत्तर प्रदेशच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले होते.

कायदा कुठे कमी पडतो?

पेड न्यूज हा अजूनही स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. कारवाई होते ती खर्च लपवल्याबद्दल, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ नुसार. व्यवहार रोखीत झाला, तर पावती नसते आणि पुरावा सापडत नाही. प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला समज देऊ शकते, दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत.

तक्रार कुठे करायची?

निवडणूक काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हा निवडणूक अधिकारी, तिचे प्रमुख असतात. संशयित बातमी आढळली की उमेदवाराला नोटीस जाते. पेड न्यूज ठरल्यास जाहिरातीच्या दराने तिची रक्कम त्याच्या खर्चात धरली जाते. तक्रार करताना पानाची पूर्ण प्रत, तारीख आणि आवृत्ती जोडा.

फॉरवर्ड करण्याआधी काय तपासाल?

• हाच मजकूर, हाच फोटो दुसऱ्या दैनिकातही आहे का?
• बातमीत विरोधी उमेदवाराची किंवा मतदाराची एक तरी बाजू आहे का?
• बातमीदाराचे नाव किंवा ‘प्रतिनिधी’ असा उल्लेख आहे का? की फक्त विशेषणांचा पाऊस आहे?
• एकाच पानावर दोन उमेदवार ‘प्रचंड मतांनी’ निवडून येत आहेत का?
• कात्रण आले असेल तर पूर्ण पान उघडा. ई-पेपरमधून एकच चौकट कापून पाठवता येते. वरची ‘जाहिरात’ ही ओळ अनेकदा चौकटीबाहेर राहते.

डिजिटल डेस्कवर बसणाऱ्या आमच्यासारख्यांच्या इनबॉक्समध्ये प्रचाराच्या दिवसांत मथळा, फोटो, मजकूर सगळे तयार असलेली पत्रके येऊन पडतात. कॉपी-पेस्टला दोन मिनिटे लागतात. दुसऱ्या बाजूला फोन लावायला अर्धा तास. त्यामुळे हे प्रश्न आमच्या बातम्यांनाही विचारा. उत्तर पटले नाही, तर कळवा.