चाकाची डावी आणि उजवी बाजू

बैलगाडीच्या चाकास डावें-उजवें ठाऊक नसतें. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि तापवून चढविलेली लोखंडी धांव एवढाच त्याचा संसार. तें कोणत्याहि बाजूस घातलें तरी गाडी तशीच चालावयाची. मोटारीच्या चाकाविषयींहि सुशिक्षित कुटुंबांतून बहुधा हीच समजूत असते. चाक वाटोळें, आणि वाटोळ्या वस्तूला पुढचें-मागचें कोठून असणार, असें सहज वाटतें. परंतु वेगानें धांवणाऱ्या कित्येक मोटारींच्या टायरांवर, बाजूच्या भिंतीवर, एक बाण उमटविलेला असतो आणि त्याशेजारीं ‘रोटेशन’ असा शब्द असतो. हा बाण शोभेचा नव्हे. टायर कोणत्या दिशेनें फिरावा हें कारखानदारानें त्यांत सांगून ठेविलेलें असतें. तें न वाचतां चाक बसविलें तर कोरड्या रस्त्यावर महिनोन्‌महिने कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं. बिघाड कळतो तो पावसांत, आणि तोहि नेमका अशा क्षणीं कीं जेव्हां तो सुधारावयास सवड नसते.

या बाणाचा अर्थ समजून घ्यावयास शर्यतीच्या धाटणीची महागडी मोटारच पाहिली पाहिजे असें नाहीं. धाराशिव जिल्ह्यांत, कळंब किंवा वाशीकडील काळ्या रानांत, चांगला पाऊस होऊन गेल्यावर ट्रॅक्टर चालतांना पाहावा. त्याच्या मागल्या मोठ्या चाकांवर रबराच्या जाड, तिरप्या पट्ट्या असतात. डावीकडील आणि उजवीकडील पट्ट्या मध्याकडे येऊन बाणाच्या टोंकासारखा कोन करतात. ट्रॅक्टर पुढें जात असतां हें टोंक प्रथम जमिनींत शिरतें व दोन्ही पाय मागाहून टेंकतात. त्यामुळें पट्ट्यांमध्यें सांपडलेली चिकट माती मध्यापासून दोन्ही कडांकडे सरकत जाते आणि चाक आपलें आपण मोकळें होतें. तेंच चाक उलटें बसविलें तर आधीं कडा टेंकतात, माती मध्याकडे रेटली जाऊन तेथें घट्ट बसते, आणि खांचा बुजल्या म्हणजे चाक पिंपासारखें जागच्या जागीं फिरूं लागतें. सोयाबीनच्या पेरणीचा वाफसा थोड्याच दिवसांचा असतो. त्यांत ट्रॅक्टर असा अडकला तर केवळ डिझेलच वायां जातें असें नाहीं.

यांत एक गंमत आहे. ट्रॅक्टर निघून गेल्यावर मातींत जे बाण उमटलेले दिसतात त्यांचीं टोंकें तो गेला त्या दिशेस नसतात, तो आला त्या दिशेस असतात. टोंक आधीं टेंकतें, म्हणून तें मागें राहतें. माग काढणारानें हें ध्यानांत ठेवावें.

मोटारीला चिखलांत जावयाचें नसतें. तिचा शत्रु पाणी. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी सांचलें आहे, टायर वीस सेंटिमीटर रुंद आहे आणि गाडी ताशीं ८० किलोमीटर वेगानें चालली आहे असें धरलें, तर त्या एका टायरला दर सेकंदास सुमारें १३ लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक बादली, वाटेंतून दूर सारावें लागतें. तें न साधलें तर टायरच्या पुढें पाण्याची पाचर तयार होते, ती रबराखालीं शिरते, आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगूं लागतें. मग स्टिअरिंग कितीहि फिरविलें आणि ब्रेक कितीहि दाबला तरी व्यर्थ. अमेरिकेंतील नासा या संस्थेच्या संशोधकांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या, विमानांच्या टायरांवरील अभ्यासांतून याचें एक सोपें सूत्र निघालें. टायरांत दर चौरस इंचास जितके पौंड हवा असेल त्या संख्येचें वर्गमूळ काढून त्यास १०.३५ नें गुणावें, म्हणजे तरंगणें ज्या वेगास सुरू होतें तो वेग ताशीं मैलांत मिळतो. ३० पौंड हवेस हें उत्तर ताशीं सुमारें ९१ किलोमीटर येतें. २४ पौंडांस ८२. हवा कमी भरून गाडी मऊ चालते असें मानणारांनीं हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावे.

हा हिशेब टायर गुळगुळीत झाला असतांनाचा, किंवा खांचांना उपसतां येणार नाहीं इतकें पाणी असतांनाचा आहे. चांगल्या खांचांचा टायर ही मर्यादा वर ढकलतो. दिशेच्या टायरांतील बाणाकृति खांचा मध्याचें पाणी दोन्ही अंगांस फेंकतात; उलट्या बसल्या म्हणजे त्याच खांचा तें मध्याकडे गोळा करूं पाहतात. भारतांतील मोटार वाहनांच्या नियमांप्रमाणें मोटारीच्या टायरची खांच निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. परंतु टायर उलटा असला तर खोल, कोऱ्या खांचांचाहि पुरा लाभ मिळत नाहीं, आणि हें कोणत्याहि मापपट्टीनें कळत नाहीं.

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी यांवरून बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ येथें आतां चौपदरी झाला आहे, आणि त्यावर ताशीं ९१ किलोमीटर हा वेग कोणास वेगच वाटत नाहीं. त्यांत तुळजाभवानीचें नवरात्र आश्विनांत येतें. मराठवाड्यांतील परतीचा पाऊस आणि यात्रेची गर्दी यांची गांठ पुष्कळदां त्याच पंधरवड्यांत पडते. पायीं चालणारे भाविक रस्त्याच्या कडेनें जात असतात. अशा रस्त्यावर एखादी मोटार तरंगली तर शिक्षा केवळ तिच्या मालकासच होईल असें नाहीं.

बसविण्याची रीत तशी साधी आहे. टायर रिमवर चढविण्यापूर्वींच तें चाक गाडीच्या कोणत्या बाजूचें हें ठरवावें लागतें, कारण रिमची दर्शनी बाजू नेहमीं बाहेर राहावयाची असते. एकदां टायर चढला कीं त्याची दिशा ठरली; मग तें चाक दुसऱ्या बाजूस नेलें कीं बाण आपोआप उलटा होतो. चाक गाडीस लावल्यावर पारख अशी करावी: बाण टायरच्या माथ्यावर असतां त्याचें टोंक गाडीच्या तोंडाकडे असलें पाहिजे. बाण खालीं जमिनीजवळ असेल तर तोच मागें रोंखलेला दिसतो, आणि येथेंच पुष्कळ जण फसतात. चाक जॅकवर असतांनाच हातानें फिरवून बाण वर आणावा व मग निवाडा करावा. बाण झिजून दिसेनासा झाला असल्यास गाडीसमोर उभें राहून पुढल्या टायरांच्या खांचांचा कोन पाहावा. त्याचें टोंक खालीं, रस्त्याकडे असावें. मागून पाहिल्यास मागल्या टायरांवर तेंच टोंक वर दिसेल.

कांहीं टायरांवर बाणाऐवजीं ‘आउटसाइड’ एवढाच शब्द असतो. ती जात निराळी. तिच्यांत तो शब्द बाहेर राहिला म्हणजे पुरे, डावें-उजवें चालतें. या दोन जातींच्या सरमिसळीवरून दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यांत वाद होतो तेव्हां बहुधा दोघांनींहि टायर नीट वाचलेला नसतो.

क्वचित्‌ टायरच नव्हे, तर धातूचें चाकहि दिशेचें असतें. १९८४ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन मोटारीचीं चाकें अशा प्रकारचीं होतीं. त्यांस पंख्याच्या पात्यांसारखीं तिरपीं पातीं होतीं; चाक फिरूं लागलें म्हणजे ब्रेकांस वारा मिळावा हा त्यांतील हेतु. अशा गाडीचें डावें चाक उजवीकडे गेलें तर पंखा उलटा फिरतो. तथापि केवळ डोळ्यांवर विसंबूं नये. पुष्कळ कारखानदार वांकड्या आऱ्यांचें एकच चाक दोन्ही बाजूंस देतात; मग एकीकडचे आरे पुढें झुकलेले व दुसरीकडचे मागें झुकलेले दिसतात, आणि ती चूक नव्हे. चाकाच्या आंतल्या अंगास डाव्या-उजव्याची खूण असेल तर ती प्रमाण, नसेल तर गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका प्रमाण.

टायर सारखे झिजावे म्हणून चाकांची जी अदलाबदल करतात ती दिशेच्या टायरांत एकाच बाजूस, पुढलें मागें आणि मागलें पुढें, एवढीच करतां येते. वेगवान मोटारींत मागले टायर पुष्कळदां पुढल्यांहून रुंद असतात. तेथें तीहि सोय उरत नाहीं. नट आवळतांना एकापुढचा एक न घेतां समोरासमोरचे घ्यावे, पुस्तिकेंतील मापाइतकेच आवळावे, आणि शंभरएक किलोमीटर चालल्यावर पुन्हां तपासावे.

राहिली स्टेपनी. ती एकच असते, आणि पंक्चर कोणत्या बाजूस होईल हें आधीं सांगतां येत नाहीं. ती बाणाच्या टायरची असेल तर दोनांपैकीं एका वेळीं उलटी बसणार हें धरूनच चालावें. त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. कोरड्या रस्त्यावर उलटा टायर फार तर आवाज अधिक करतो. पाऊस असेल तर मात्र वेग पुष्कळ कमी ठेवावा आणि वाटेंत लागेल त्या पहिल्या टायरच्या दुकानांत मूळ चाकाचें पंक्चर काढून तें आपल्या जागीं परत चढवावें. स्टेपनी डिकींत ठेवण्यापूर्वीं तिची हवा मोजून घ्यावी. ती बहुधा कमीच भरते.