डांबरात मुरलेला टायर

गैरसमज: टायर वितळवून डांबरात ओततात.

टायर वितळत नाही. त्याचं रबर गंधकासोबत तापवून घट्ट केलेलं असतं आणि गंधकाने रेणूंना मारलेल्या गाठी उष्णतेने सहजी सुटत नाहीत. फार तापवलं तर रबर जळतं, पण मेणासारखं पातळ होत नाही. म्हणून टायर फाडतात, तार चुंबकाने ओढून घेतात, धागे वेगळे करतात आणि उरलेल्या रबराचा भुगा करतात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅकडोनल्ड यांनी १९६० च्या दशकात भेगाळलेल्या रस्त्यांच्या डागडुजीसाठी हा भुगा गरम डांबरात घातला आणि पाऊण-एक तास मुरू दिला. तेवढ्या वेळात मिश्रणाचा गुणच पालटला. रबराचा कण डांबरातली हलकी तेलं शोषून फुगतो, आणि डांबर दाट, चिवट होतं.

सगळी मेख या मुरण्यात आहे. फिनिक्सच्या पद्धतीत साधारण १७५ ते २०० अंश सेल्सियस तापमान लागतं. आच कमी पडली तर कण पुरेसा फुगत नाही. फार वेळ जास्त आच दिली तर रबर तुटायला लागतं आणि मिश्रण पुन्हा पातळ होतं. टाकीतलं ढवळणं थांबलं की भुगा तळाशी बसतो. मग वरून निघतं ते जवळपास साधं डांबर आणि खाली उरतो गाळ. कागदावर मात्र दोन्ही एकाच नावाने नोंदवलेलं असतं.

गैरसमज: रबर घातलं की खड्डे पडत नाहीत.

रबराचा फायदा खरा आहे. आपल्याकडच्या व्हीजी-३० डांबराला मऊ होण्यासाठी किमान ४७ अंशांची अट आहे. टायरच्या भुग्याच्या सीआरएमबी-६० ला किमान ६० अंशांची. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, आणि काळा रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो. तिथे चाकोऱ्या पडू नयेत म्हणून हा फरक मोलाचा आहे. भेगाही उशिरा पडतात.

पण खड्डा पाण्यामुळे पडतो. गटार तुंबलेलं, रस्त्याला उतार नाही, खालचा थर कच्चा, अशा ठिकाणी वरच्या थरातलं रबर काय करणार? शिवाय हे मिश्रण दाट असल्यामुळे ते गरम असतानाच रोलरने दाबून घ्यावं लागतं. प्लांट लांब, डंपर वाहतुकीत अडकलेला, ताडपत्री अर्धवट ओढलेली, असं झालं की माल निवतो. मग रोलर कितीही फिरवा, आत पोकळ्या राहतात. पहिल्याच पावसात पाणी तिथे शिरतं आणि दोष रबराच्या माथी मारला जातो. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण चूक वेळेच्या नियोजनाची असते.

गैरसमज: टायरचे तुकडे भरावात पुरले की ब्याद गेली.

१९९५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कोलोरॅडो राज्यांत टायरच्या तुकड्यांचे आठ मीटरपेक्षा जाड भराव आतल्या आत तापून धुमसू लागले. त्यानंतर अशा थराची जाडी तीन मीटरच्या आत ठेवावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं तिथे आली. पातळ भरावात हलके, पाणी वाहू देणारे तुकडे उत्तम काम देतात.

गैरसमज: काँक्रीटमध्येही रबर तसंच चालेल.

सिमेंट रबराला नीट धरत नाही, त्यामुळे काँक्रीटची ताकद घटते. पदपथाच्या ठोकळ्यांत थोडं रबर चालेल. इमारतीच्या खांबात नको.

गैरसमज: सक्ती केली की काम झालं.

अमेरिकेने १९९१ मध्ये केंद्रीय निधीच्या रस्त्यांत टायरचं रबर वापरण्याची सक्ती केली आणि १९९५ मध्ये ती मागे घेतली. बऱ्याच राज्यांकडे ना अनुभव होता ना यंत्रं. फिनिक्स ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनात वापर चालू राहिला, कारण तिथे हे तंत्र वर्षानुवर्षं हाताखालून गेलं होतं.

आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी टाकाऊ टायरची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकली, आणि तेल काढण्यासाठी टाकाऊ टायर आयात करायला बंदी घातली. देशातले टायर तापवून तेल काढणं मात्र चालूच आहे. पालघरच्या वाडा तालुक्यातले गावकरी त्या धुराबद्दल तक्रारी करत आले आहेत. तो टायर रस्त्याकडे वळायला हवा असेल, तर रस्त्याच्या निविदेत टाकीला ढवळणी असण्याची आणि डंपर रिकामा होताना मालाचं तापमान नोंदवण्याची अट हवी, आणि ती नोंद नागरिकांना पाहता यायला हवी.