पुस्तकाची शिफारस कशी करावी

पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या वाटेवर धायरी हें गांव लागतें. एके काळचें हें खेडें आतां पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. येथील एखाद्या वाचनप्रिय गृहस्थास हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी वाचण्यास कोणीं सुचविलें, तर ती सूचना वरवर दिसते तितकी सोपी नाहीं. ज्या गडाची ही कथा, तो गड त्याच्या परिसरांतलाच आहे. कादंबरींत जें वाचावें, तें पुढें गडावर मुलाबाळांस इतिहास म्हणून सांगावें, असें सहज घडतें. म्हणून शिफारस करणाऱ्यावर कांहीं जबाबदारी येते.

मराठींत ग्रंथपरीक्षणाची परंपरा कादंबरीइतकीच जुनी आहे. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुत योगायोगांनीं भरलेल्या कथा लोकप्रिय झाल्या. तेव्हां काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ मध्यें आपल्या निबंधांत कादंबरी व नाटक यांची चिकित्सा केली. १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ आणि १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ यांनीं ग्रंथ पारखून घेण्याची संवय वाचकांस लावली. स्वतः आपट्यांनींहि कादंबरीकार म्हणून नांव मिळविण्यापूर्वीं आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या हॅम्लेटच्या भाषांतरावर टीका लिहिली होती.

परीक्षण आणि शिफारस हीं दोन निराळीं कामें आहेत. परीक्षकास पुस्तक नीट कळलें म्हणजे पुरतें. शिफारस करणाऱ्यास पुस्तकाबरोबर वाचकहि कळावा लागतो. लेखकानें काय साधावयाचें ठरविलें आणि तें कितपत साधलें, हे दोन प्रश्न परीक्षकाचे. हें पुस्तक या माणसानें आज कां वाचावें, हा तिसरा प्रश्न शिफारस करणाऱ्याचा.

आतां हीच कसोटी वरील कादंबरीस लावून पाहावी. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें कोंढाणा मोंगलांकडे गेला. तो परत घेतांना १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे धारातीर्थीं पडले. मोंगलांचा किल्लेदार उदेभान हाहि मारला गेला. इतका भाग इतिहासाचा आहे. कादंबरींतील कमलकुमारीच्या कथेस मात्र समकालीन कागदपत्रांचा आधार नाहीं. घोरपडीची गोष्ट पोवाड्यांतून लोकांच्या तोंडीं बसली आहे. तानाजीच्या मृत्यूनंतरच गडास ‘सिंहगड’ हें नांव पडलें, ही सर्वत्र ऐकूं येणारी समजूतहि टिकत नाहीं. कारण १६६३ च्या शिवकालीन पत्रांतच तें नांव आढळतें.

मग ही कादंबरी वाचूं नये काय? असा निष्कर्ष काढणें हें दुसरें टोंक होय. कादंबरी ही बखर नव्हे आणि दप्तरहि नव्हे. या पुस्तकाच्या नांवांतच कथेचा शेवट सांगितलेला आहे. गड येणार आणि सिंह जाणार, हें वाचकास पहिल्या पानाआधींच ठाऊक असतें. तरीहि तो शेवटपर्यंत वाचतो, याचें कारण ‘काय झालें’ यापेक्षां ‘कसें झालें’ यांत त्याचें मन गुंतवून ठेवण्याचें कसब लेखकापाशीं आहे. हा गुण सांगावा, आणि त्याच श्वासांत कल्पित कोणतें व ऐतिहासिक कोणतें हेंहि सांगावें. अशा शिफारशीनें वाचकाचा आनंद कमी होत नाहीं. उलट गड चढतांना गोष्ट आणि घटना या दोहोंचा आस्वाद तो वेगवेगळा घेऊं शकतो.

पुढचें पुस्तक सुचवितांनाहि वाचकाचाच कल पाहावा. शिवकालाची गोडी लागली असेल त्यास ‘उषःकाल’ द्यावें. घरांतील सुखदुःखें, स्त्रियांची कुचंबणा यांकडे ज्याचें लक्ष आहे त्याच्या हातीं ‘पण लक्षांत कोण घेतो’ ठेवावें. १८९० सालीं निघालेल्या ‘करमणुकी’तून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तींत यमूच आपली कहाणी सांगते. मात्र नुकताच वाचूं लागलेल्या माणसास एकदम मोठा ग्रंथ देऊं नये. तो अर्ध्यावर सोडावा लागला, तर दोष पुस्तकाचा न ठरतां वाचक तो स्वतःकडे घेतो, आणि वाचनच सोडून देतो. चुकीच्या शिफारशीनें होणारें खरें नुकसान हेंच.

म्हणून प्रत्येक शिफारशीबरोबर एक कारण आणि एक इशारा असावा. जो सर्वच पुस्तकांची स्तुति करतो, त्याच्या शब्दास लवकरच किंमत उरत नाहीं. उणें कोठें आहे हें जो मोकळेपणानें सांगतो, त्यानें दिलेलें दुसरें पुस्तक वाचक न विचारतां घरीं नेतो.