पोस्टर बोलतं का?

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टरांचा नुसता पाऊस पडतो. काळ्यावर मरून अक्षरं, वर धूर, कोपऱ्यात बारीक टायपात वेळ. दिसायला भन्नाट! पण आमच्या विंगमधल्या दृष्टिहीन मित्राच्या मोबाइलवर ते गेलं, की स्क्रीन रीडर फक्त 'फोटो' म्हणून गप्प बसतो. गेल्या वर्षी एका एकांकिकेची वेळ बदलली. नवी वेळ होती फक्त नव्या पोस्टरवर! हा हॉलवर पोचला तेव्हा पडदा पडला होता.

"अंधांना नाटक काय कळणार?" असं म्हणणारे महाभाग असतातच. त्यांच्यासाठी सांगतो, २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू करणाऱ्या स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांनाच घेऊन नाटकं बसवली आहेत. आणि आपण त्यांना प्रेक्षकांतही धरत नाही!

रिक्षाला भोंगा बांधून केलेली जाहिरात अंधांपर्यंत बरोबर पोचते. (कर्णबधिरांपर्यंत नाही, हेही खरं.)

उपाय तसा बिनखर्चाचा आहे. पोस्टरखाली नाटक, तारीख, वेळ, ठिकाण, तिकीट एवढं टाइप करून टाका. मात्र युनिकोडमध्येच. जुन्या फाँटमधला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण आत कोड असतात रोमन अक्षरांचे. स्क्रीन रीडर तेच बरळतो. युनिकोड असेल तर एनव्हीडीएसारखं फुकट सॉफ्टवेअरही मराठी वाचतं.

आता रंग. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो. काळ्यावर पांढरं २१:१ भरतं, काळ्यावर मरून जेमतेम २:१. कमी दिसणाऱ्याने काय वाचायचं? कॉम्प्युटरवाल्यांनो, हे तपासायला दोन मिनिटं लागतात.

प्रोमोला मराठी सबटायटल द्या. बुकिंगला नुसता फोन नंबर नको, मेसेजही चालेल असं लिहा. ऐकू न येणाऱ्याने फोनवर बोलायचं कसं? आणि व्हीलचेअरवाल्याला घरून निघण्याआधीच कळायला हवं, की पायऱ्या किती, रॅम्प कुठून. प्रयोग कॉलेजच्या हॉलमध्ये असो वा हुतात्मा स्मृती मंदिरात, पोस्टर छापायला देण्याआधी पब्लिसिटीवाल्या दोघांनी तिथं जाऊन दारं आणि पायऱ्या बघून याव्यात. रॅम्प नसेल तर 'नाही' असं स्पष्ट छापा.